डब्यावर लिहिलंय ‘गिधाडं, भारत’

वन्यजीवांवरच्या कार्यक्रमात जुनं फुटेज वापरायचं ठरलं की निर्मितीच्या बैठकीत सगळ्यांना हायसं वाटतं. शूटचे दिवस वाचले, वनखात्याची परवानगी वाचली, लपणात बसून काढायचे तास वाचले. पहिलं दरपत्रक हातात पडेपर्यंत हे हायसं वाटणं टिकतं. पण पैशांचा प्रश्न एकवेळ सुटतो. खरा वेळ खाते ती वेगळीच गोष्ट: समोर दिसतोय तो प्राणी नेमका कोणता, कुठला आणि कधीचा, हे पुराव्यानिशी सांगता येणं. फिल्मच्या डब्यावरच्या लेबलावर विसंबून राहिलेला कार्यक्रम प्रसारणानंतर पहिल्याच पक्षीनिरीक्षकाच्या ई-मेलला आडवा होतो.

उदाहरणादाखल भारतातून नाहीशा झालेल्या किंवा विरळ झालेल्या प्राण्यांवरचा पन्नास मिनिटांचा कार्यक्रम घेऊ. त्यात चित्ता, माळढोक, गिधाडं आणि सायबेरियन क्रौंच. इथे जुन्या फुटेजला पर्यायच नाही. भरतपूरच्या केवलादेवमध्ये सायबेरियन क्रौंच शेवटचे दिसले ते २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्यानंतरचा भरतपूरचा क्रौंच कुणी विकायला आणला तर तो एक तर जुना आहे, नाहीतर भरतपूरचा नाही.

कामाची सुरुवात संहितेपासून होते. संहितेत ‘गिधाडांचे थवे’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तेवढंच संशोधकाला पाठवलं की शंभर निरुपयोगी क्लिपा येतात. आमच्या यादीत ओळ अशी असते: पांढऱ्या पुठ्ठ्याची (पुठ्ठा म्हणजे शेपटीच्या वरचा भाग) गिधाडं, प्रौढ, जमिनीवर, मेलेल्या गुरावर, एका चौकटीत वीसहून जास्त, भारत, १९९२ च्या आधीचं, किमान आठ सेकंद स्थिर. आठ सेकंद अशासाठी की निवेदनाचं एक वाक्य तेवढ्यात बसतं. साल अशासाठी की या जातीची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण होतं गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक; ते अंगात असलेलं मेलेलं गुरू खाल्लं की गिधाडं मरत. संशोधकांनी ते २००४ साली जाहीर केलं आणि २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. पडझडीच्या आधीचा भारत दाखवायचा असेल तर शॉटही पडझडीच्या आधीचाच हवा.

शोधताना जुनी नावं टाकावी लागतात. हे पहिल्यांदा कुणी सांगत नाही. कॅटलॉग ज्या काळात टाइप झाला त्या काळातच तो गोठलेला असतो. चित्त्याला इंग्रजांच्या काळात ‘हंटिंग लेपर्ड’ म्हणत. फक्त ‘चीता’ टाकून शोधलं तर ती रिळं कधीच वर येत नाहीत, आणि ‘लेपर्ड’ टाकलं तर बिबट्यांच्या ढिगाखाली गाडली जातात. माळढोकाचं शास्त्रीय नाव आता अर्डिओटिस नायग्रिसेप्स आहे. जुन्या कार्डांवर कोरिओटिस सापडतं. गावांचंही तसंच. पूना, बॉम्बे, घाना (म्हणजे केवलादेव), सगळी रूपं टाकून बघायची. ‘शिकार’, ‘दरबार’, ‘महाराजा’ या शब्दांखाली जेवढे वन्यप्राणी सापडतात तेवढे ‘वाइल्डलाइफ’ या शब्दाखाली सापडत नाहीत. त्या काळच्या कॅमेऱ्याला प्राण्यापेक्षा त्याला मारणाऱ्यात रस होता.

क्लिपा आल्या की ओळख पटवायची. ‘गिधाडं, भारत’ या लेबलाखाली चार-पाच जाती निघू शकतात. पांढऱ्या पुठ्ठ्याचं प्रौढ गिधाड सर्वांत सोपं: काळपट अंग, मानेभोवती पांढरी कॉलर, आणि उडताना पंखांखालच्या पांढऱ्या अस्तराला काळ्या पिसांची किनार. पिल्लू मात्र सगळंच तपकिरी असतं, तिथे फसायला होतं. लांब चोचीच्या गिधाडाची भानगड वेगळी आहे. आज दोन स्वतंत्र जाती मानल्या जातात. जुन्या लेबलांवर दोन्ही ‘लाँग-बिल्ड’ असतात. कड्यावर घरटं, मानेवर फिकट लव असेल तर ते आपल्या सह्याद्रीतलं, म्हणजे गंगेच्या दक्षिणेकडचं. मान काळपट, बारीक, जवळजवळ उघडी आणि घरटं झाडावर असेल तर ते हिमालयाच्या पायथ्याचं किंवा ईशान्येकडचं. निवेदन रायगडच्या कड्यांबद्दल चाललंय आणि पडद्यावर आसामचं गिधाड, असा गोंधळ लेबल वाचून टळत नाही. चोच आणि मान दिसेल असा एक फ्रेम काढून जाणकाराला पाठवायचा आणि त्याचं लेखी उत्तर जपून ठेवायचं.

चित्त्याची गंमत याहून खोल आहे. संस्थानी काळातल्या चित्त्याच्या शिकारीची दृश्यं बाजारात मिळतात: बैलगाडीवर डोळे बांधलेला चित्ता, डोळ्यांवरचं कातडं काढलं की समोर काळवीट. लेबलावर ‘भारतीय चित्ता’. पण विसाव्या शतकात कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी शिकारीसाठीचे चित्ते आफ्रिकेतून मागवले होते, कारण इथले मिळेनासे झाले होते. म्हणजे माणसं भारतीय, काळवीट भारतीय, गाडी भारतीय आणि चित्ता बहुधा आफ्रिकेतला. १९४७ साली कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमध्ये, गोळी घातलेल्या तीन चित्त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे; तो फोटो आहे, चलचित्र नाही. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्यामुळे ‘भारतातला शेवटचा रानचित्ता’ असं निवेदन शिकारीच्या रिळावर ठेवलं तर ते खोटं ठरतं. निवेदन बदलायचं, शॉट ठेवायचा. ‘संस्थानिकांनी पाळलेले चित्ते’ असं म्हटलं की सगळं खरं होतं आणि गोष्टही जास्त रंगते.

साल ठरवायला पार्श्वभूमी कामाला येते. मारुती जिप्सी दिसली की १९८५ च्या आधीचं काही नाही. मेलेल्या गुराच्या कानात पिवळा बिल्ला असेल तर तो जनावराच्या बारा आकडी ओळख क्रमांकाचा, पशुआधारचा, म्हणजे अगदी अलीकडचा शॉट. नव्वदच्या दशकातलं लेबल फेकून द्यायचं. जंगलही बोलतं. ताडोब्याचा साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, कान्ह्याचा साल तेव्हा हिरवा असतो. एकाचा क्लोजअप आणि दुसऱ्याचा वाइड जोडला की विदर्भातला कुठलाही गाइड लगेच हसतो.

प्रत्यक्ष फिल्म हाताशी असेल तर आणखी एक साक्षीदार मिळतो. कोडॅकच्या पट्टीच्या कडेला, छिद्रांच्या ओळीपाशी, बारीक चिन्हं छापलेली असतात: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, अधिक. लाइटबॉक्सवर पट्टी ठेवून भिंगातून बघितलं की ती दिसतात, आणि तक्त्याशी जुळवून साल निघतं. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. हीच चिन्हं दर वीस वर्षांनी पुन्हा वापरलेली आहेत, म्हणून उत्तर ‘१९३७, १९५७ किंवा १९७७’ असं येतं. आणि ते साल फिल्म बनल्याचं आहे, चित्रण झाल्याचं नाही. प्रिंट असेल तर निगेटिव्हवरून उमटलेलं चिन्ह आणि प्रिंटच्या पट्टीचं स्वतःचं चिन्ह अशी दोन्ही दिसू शकतात. धांदलीत नेमकं चुकीचं वाचलं जातं.

एक चूक अगदी संपादनाच्या टेबलावर जन्मते. वाघ डावीकडे जायला हवा, शॉटमध्ये तो उजवीकडे जातोय, म्हणून संपादक चित्र आडवं उलटवतो. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि पट्ट्यांवरूनच वाघ ओळखला जातो. उलटवलेल्या शॉटमधला वाघ म्हणजे जगात नसलेला वाघ. त्या जंगलातले लोक आपले वाघ नावानिशी ओळखतात, आणि ते पत्र लिहितातच.

मग हक्क. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट तो प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली प्रकाशित झालेला माहितीपट १ जानेवारी २०२१ पासून मोकळा. हे ऐकून उड्या मारायच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात. गणित प्रकाशनापासून सुरू होतं, त्यामुळे कपाटात राहिलेल्या, कधीच न दाखवलेल्या रशेसना, म्हणजे संपादन न झालेल्या मूळ चित्रणाला, ते लावता येत नाही. दुसरं, ब्रिटनमध्ये हिशेब वेगळा: दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि खास त्या चित्रपटासाठी संगीत देणारा यांतला जो शेवटी गेला त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं. कार्यक्रम जगभर विकायचा असेल तर एका देशात मोकळा झालेला शॉट दुसऱ्या देशात बांधलेला असू शकतो. तिसरं, हक्क संपले तरी चांगली प्रत ज्याच्या ताब्यात आहे तो प्रतीचे आणि स्कॅनचे पैसे घेणारच, आणि त्यात गैर काही नाही. तापमान आणि आर्द्रता सांभाळून दशकानुदशकं रिळं ठेवायला खर्च येतो.

सरकारी संग्रहांबाबत एक व्यावहारिक बाब. १९४८ साली स्थापन झालेला फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्यातलं १९६४ चं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. जुन्या पत्रांवर, जुन्या करारांवर जुनी नावं असतात. नव्या परवान्यावर आजच्या हक्कधारकाचं नाव आणि सही हवी, नाहीतर प्रसारवाहिनीचा वकील फाइल परत पाठवतो.

परवान्याचा दर चार गोष्टींवर ठरतो: किती सेकंद, कुठल्या माध्यमांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती वर्षं. सगळी माध्यमं, सगळं जग, कायमस्वरूपी, हे सर्वांत महाग आणि बहुतेक वेळा शेवटी तेच घ्यावं लागतं. पाच वर्षांचा स्वस्त परवाना घेतला की सहाव्या वर्षी कार्यक्रम कपाटात जातो. करारात किमान सेकंद किती धरलेत ते बघायचं. तीन सेकंदांच्या शॉटला दहा किंवा तीस सेकंदांचे पैसे पडू शकतात. संथ केलेल्या शॉटचं मोजमाप कसं, तेही आधी विचारायचं. पडद्यावरच्या वेळेवर मोजणी असेल तर अर्ध्या वेगाने चालवलेल्या चार सेकंदांचे आठ होतात. प्रोमोमधला वापर वेगळा लिहून घ्यायचा. आणि मूळ चित्रपटातलं संगीत किंवा निवेदकाचा आवाज त्या शॉटला चिकटलेला असेल तर त्याचे हक्क बहुधा शॉट देणाऱ्याकडे नसतात. आवाज काढूनच घ्यायचा.

संपादन वॉटरमार्क असलेल्या कमी दर्जाच्या प्रतीवर होतं. या टप्प्यावरचा एकच कडक नियम: फाइलचं नाव बदलायचं नाही. ‘गिधाड_मस्त_फायनल’ असं नाव दिलं की तीन महिन्यांनी मूळ कुणालाच सापडत नाही. प्रतीवरचा टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा तास-मिनिट-सेकंदांतला क्रमांक, मूळ टेपचाच आहे का, तेही लगेच तपासायचं. पुष्कळदा तो शून्यापासून सुरू होतो, किंवा मूळ २५ फ्रेमचं आणि प्रत २९.९७ ची असते. अशा वेळी ऑर्डर देताना पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमचं चित्र जोडायचं. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास फ्रेम जास्तीच्या मागवायच्या, कारण अंतिम संपादनात कुणीतरी डिझॉल्व्ह, म्हणजे एक शॉट दुसऱ्यात विरघळवणं, टाकतंच.

मास्टर मागवताना ‘एचडी पाठवा’ असं कधीही लिहू नये. लिहिलं की संग्रहातलं कुणीतरी ७२० बाय ५७६ ची टेप यंत्रातून ताणून, बाजूला काळ्या पट्ट्या भाजून पाठवतं, आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. मूळ ज्या रूपात आहे त्याच रूपात द्या, इंटरलेस्ड असेल तर इंटरलेस्डच द्या, असं स्पष्ट लिहायचं. इंटरलेस्ड म्हणजे एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, म्हणजे क्षेत्रं, विणलेली असतात; ती वेगळी करण्याचं काम आमच्या हातात राहिलं तर चांगलं होतं. फाइल आली की पंख फडफडणारा शॉट उघडायचा आणि एकेक फ्रेम पुढे न्यायची. पंख पुढे-मागे-पुढे असा थरथरला तर क्षेत्रांचा क्रम उलटा आहे. तो सेटिंग बदलून दुरुस्त होतो. एकाच फ्रेममध्ये पंखाच्या दोन अर्धपारदर्शक सावल्या दिसल्या तर कुणीतरी आधीच अमेरिकन मानकातून आपल्या मानकात आणताना क्षेत्रं एकमेकांत मिसळली आहेत. ते दुरुस्त होत नाही. आधीची टेप मागायची.

जुन्या टीव्हीचं चार बाय तीनचं चित्र आजच्या सोळा बाय नऊमध्ये बसवायचं तर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून १०८० ओळी भरायच्या, तेव्हा चित्र १.८७५ पट मोठं होतं. नाहीतर वरखालून कापून पूर्ण रुंदी भरायची. ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतात आणि चित्र अडीच पट ताणलं जातं. माळढोक मान ताठ करून उभा असेल तर दुसऱ्या मार्गात त्याचं डोकं तरी जातं किंवा पाय तरी. आम्ही पट्ट्यांच्या बाजूचे. जाड्या पक्ष्याचा तिसरा मार्ग, म्हणजे चित्र आडवं ताणणं, अजूनही काही वाहिन्यांवर दिसतो. त्यावर न बोललेलं बरं. वाहिनीची मर्यादाही लक्षात असू द्यावी. एचडी कार्यक्रमात एचडी नसलेलं साहित्य एकूण लांबीच्या २५ टक्क्यांपर्यंत, ही अट सर्रास आढळते. पन्नास मिनिटांत साडेबारा मिनिटं, आणि १६ मिमी फिल्म स्कॅन कितीही उत्तम असला तरी बऱ्याचदा याच खात्यात मोजली जाते.

फिल्म स्कॅन करायची वेळ आली तर डबा उघडताच वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे अ‍ॅसिटेटचा पाया कुजायला लागला आहे. पट्टी आकसते आणि दातेरी चाकांवर फाटते. अशा रिळाला दातांशिवाय चालणारं स्कॅनर लागतं आणि ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम असतात. ४०० फुटी रीळ २४ च्या वेगाने अकरा मिनिटं चालतं, आणि २के, दहा-बिट डीपीएक्समध्ये (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) त्याची मिनिटाला साधारण १८ जीबी जागा जाते. वेगही विचारून घ्यावा. किल्लीच्या बोलेक्स कॅमेऱ्याची किल्ली पूर्ण दिली तरी २४ च्या वेगाने सलग शॉट जेमतेम २८ सेकंदांचा मिळतो, म्हणून जुने शॉट तोकडे असतात. मूकपटांच्या काळातलं १६-१८ च्या वेगाचं चित्रण २५ ने चालवलं की पक्षी चावी दिलेल्या खेळण्यासारखे चालतात.

साफसफाईत सर्वांत जास्त नुकसान होतं आणि ते सर्वांत उशिरा लक्षात येतं. धूळ काढणारं सॉफ्टवेअर शोधतं ते एका फ्रेममध्ये असलेलं आणि आधीच्या-नंतरच्या फ्रेममध्ये नसलेलं ठिपक्याएवढं काहीतरी. धूळ तशीच असते. मेलेल्या बैलावर घोंगावणारी माशीही तशीच असते. लांबवर घिरट्या घालणारं गिधाड आणि पावसाचा थेंबसुद्धा. स्वयंचलित सेटिंग पूर्ण ठेवून एक शॉट चालवला आणि मूळ शॉट त्याच्या शेजारी लावला तर आकाश अगदी स्वच्छ दिसतं: धूळ गेली, माश्या गेल्या, मागची तीन गिधाडं गेली आणि वेगाने फडफडणाऱ्या पंखाचं टोकही कुरतडलं गेलं. म्हणून प्राण्यांच्या शॉटना आम्ही संवेदनशीलता अगदी खाली ठेवतो आणि मोठे डाग हाताने काढतो. वेळ लागतो. पर्याय नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठं करण्याचं आमिष याच जागी येतं. ती यंत्रं तपशील ओळखत नाहीत, सुचवतात. गिधाडाच्या उघड्या मानेवर पिसं उगवतात. एका फ्रेमला असलेला ठिपका दुसऱ्या फ्रेमला सरकतो. ज्या शॉटवरून जात ओळखायची तिथे आम्ही हे वापरत नाही. अमेरिकेतल्या आर्काइव्हल प्रोड्युसर्स अलायन्सने २०२४ मध्ये माहितीपटांसाठी यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रेक्षकाला कळेल असं सांगा, हा त्यांचा मुख्य आग्रह. रंग भरण्याचंही तसंच. होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात डेव्हिड फ्ले यांनी १९३३ मध्ये चित्रित केलेला थायलसिन, म्हणजे नामशेष झालेला टास्मानियन वाघ, २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहाने रंगीत करून दाखवला. तिथे रंग संग्रहालयांतली कातडी आणि जुन्या नोंदी बघून ठरवले होते, आणि हे काम रंगवलेलं आहे हे लपवलं नव्हतं. एवढा अभ्यास परवडत नसेल तर काळंपांढरं ठेवावं. काही बिघडत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. जुनं वन्यजीव चित्रण बहुतांशी मुकं असतं. ऐकू येतं ते नंतर बसवलेलं. आपणही बसवणारच, फक्त योग्य ते. गिधाडाला गरुडाची शीळ देऊ नये, ती फिसकारतात आणि गुरगुरतात. चित्ता डरकाळी फोडत नाही. जमिनीवरून उठणाऱ्या जड पंखांसाठी मोठी छत्री झपाट्याने उघडमीट करून चांगलं काम भागतं. झेनो-कँटोसारख्या खुल्या संग्रहातले पक्ष्यांचे आवाज फुकट ऐकता येतात, पण त्यांतले बरेचसे व्यावसायिक वापराला मनाई असलेल्या परवान्याखाली आहेत. टीव्हीवर वापरायचे तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याची स्वतंत्र परवानगी हवी.

पडद्यावर ‘संग्रहित दृश्य’ कधी लिहायचं? प्रत्येक शॉटवर लिहिलं तर कार्यक्रम बातम्यांसारखा दिसतो. आमची कसोटी साधी आहे: न लिहिल्याने प्रेक्षक आजच्या परिस्थितीबद्दल चुकीची समजूत करून घेईल का? शंभर गिधाडांचा शॉट आणि निवेदन वर्तमानकाळात, तर लिहायलाच हवं, सालासकट. सोलापूरच्या नान्नज अभयारण्यातला जुना, नाचणारा माळढोक नर दाखवताना साल नसेल तर लोक पुढच्या रविवारी दुर्बीण घेऊन तिथे पोचतील.

शेवटी पत्रक. प्रत्येक शॉटची एक ओळ: कार्यक्रमातला सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, लांबी, पुरवठादाराचा क्लिप क्रमांक, मूळ टाइमकोड, हक्कांची मुदत आणि प्रदेश, रक्कम, श्रेयनामावलीतलं नेमकं लेखन. आम्ही आणखी दोन रकाने ठेवतो: लेबलावर काय होतं, आणि तपासाअंती काय निघालं. ‘गिधाडं, भारत’च्या पुढे ‘लांब चोचीचं, कडा, बहुधा ऐंशीचं दशक’ असं लिहून त्याची प्रत संग्रहाला पाठवतो. पोच येते. कॅटलॉगमधली ओळ बहुधा तशीच राहते, त्यामुळे क्लिप क्रमांकासकट ते पत्रक आमच्याकडे वेगळं जपलेलं असतं.